शाळेत पोराला काही झालं तर कुठं जायचं, काय लिहायचं: कोल्हापुरातल्या पालकांसाठी

आमच्या पोराला पाचवीत असताना एका सरांनी कानाखाली लगावली, कान दुखतोय म्हणून डॉक्टरकडं न्यावं लागलं, आणि तिथनं पुढं मी जे काय शिकलो ते इथं लिहून ठेवतोय. शाळेचं नाव घेणार नाही, ते प्रकरण मिटलंय. पण त्या काळात जो भेटेल तो वेगळंच सांगायचा. एकजण म्हणायचा डायरेक्ट पोलिसात जा, दुसरा म्हणायचा नगरसेवकाला घेऊन जा, तिसरा म्हणायचा सोड की भावा, आपण काय मार खाल्ला नाही का. आणि शाळा म्हणायची, लेखी कशाला देताय साहेब, आपण बसून बोलू की.

एवढं लक्षात ठेवा. शाळेची जबाबदारी कायद्यात भरपूर लिहिलेली आहे, पण ती चालू होते तुमचा कागद इनवर्डला, म्हणजे ऑफिसच्या आवक नोंदीत, गेल्यावर. आणि कुठल्या गोष्टीला कुठला दरवाजा ते ठरलेलं आहे. चुकीच्या दरवाजात उभं राहिलात की सगळे तुम्हाला गोड बोलून पुढच्या ऑफिसला पाठवतात, यात महिने जातात.

मी वकील नाही. मोठं प्रकरण असेल तर वकील बघाच, फुकट वकील कसा मिळतो ते पण खाली लिहिलंय.

१. आधी शाळा कुणाची आहे ते बघा

हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. फी भरतो म्हणजे खाजगी, एवढंच. पण तक्रार कुणाकडं जाणार ते यावरच ठरतं.

महापालिकेची शाळा असेल तर मुख्याध्यापकांच्या वर प्राथमिक शिक्षण समितीचे प्रशासनाधिकारी. जिल्हा परिषदेची असेल तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, मग नागाळा पार्कात जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षणाधिकारी. हायस्कूल असेल तर माध्यमिक शिक्षणाधिकारी, ते पण जिल्हा परिषदेतच. सगळ्यांच्या वर विभागीय शिक्षण उपसंचालक, त्यांचं ऑफिस कोल्हापुरातच आहे, सांगली साताऱ्याच्या लोकांना इथं यावं लागतं, आपण त्यात नशीबवान. शहरातली खाजगी प्राथमिक शाळा असेल आणि कळत नसेल तर प्रशासनाधिकारी आणि प्राथमिक शिक्षणाधिकारी दोघांनाही प्रत द्या, मग ढकलाढकली होत नाही.

सीबीएसई शाळावाले हमखास सांगतात, आम्ही दिल्लीच्या बोर्डाखाली, इथला शिक्षणाधिकारी आम्हाला काय विचारणार. असं काही नाही. परीक्षा आणि अभ्यासक्रम बोर्डाचा, पण शाळा चालवायला राज्याची परवानगी लागतेच आणि मुलांच्या सुरक्षेचे कायदे बोर्ड बघून बदलत नाहीत. बोर्डाला पण प्रत टाका, शिक्षणाधिकाऱ्यांना पण द्या.

शाळेचा युडायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख नंबर, मिळवून ठेवा, ११ आकडी असतो. अर्जावर तो टाकला की ऑफिसात शाळा शोधण्यावरनं वेळ जात नाही.

२. कायदा काय म्हणतो, कामापुरतं

सगळं पाठ करायची गरज नाही, अर्जात ही कलमं लिहिता आली तरी बास.

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी. मानसिक हा शब्द महत्त्वाचा. वर्गाबाहेर दिवसभर उभं करणं, फी राहिली म्हणून सगळ्यांसमोर नाव पुकारणं, जातीवरनं बोलणं, हे "मारलं तर नाही ना" म्हणून सुटत नाही.

बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५: मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानंच मारलं, छळलं किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही. मुलांची काळजी ज्या संस्थेवर सोपवलीय तिथल्या माणसानं केलं तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड. माझ्या अर्जात हे कलम लिहिल्यावर संस्थेच्या ऑफिसातनं पहिल्यांदा फोन आला, त्याआधी नुसतं बघू बघू चाललं होतं.

पोक्सो कायदा २०१२: मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा. याच्यावर खाली वेगळं लिहिलंय.

केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना: २०१७ मध्ये गुरुग्रामच्या शाळेत लहान मुलाचा खून झाला होता ते आठवत असेल, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि त्यातनं या सूचना आल्या. सरकारी, अनुदानित, खाजगी, सगळ्या शाळांना. मुलांच्या सुरक्षेत हयगय झाली तर जबाबदार कोण हे त्यात ठरवलंय, खाजगी शाळेत मुख्याध्यापक आणि मॅनेजमेंट दोघंही. म्हणजे सगळं शिपायावर किंवा सिक्युरिटीवर ढकलून संस्थाचालक बाजूला होऊ शकत नाहीत.

राज्याचा २१ ऑगस्ट २०२४ चा शासन निर्णय: बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले त्यानंतरचा. सीसीटीव्ही बसवणं, आठवड्यातनं किमान तीनदा फुटेज तपासणं, नेमायच्या आधी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती), आणि काही अनुचित घडलं तर २४ तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणं, असं सगळं त्यात आहे. शासनाच्या साईटवर मिळतो, प्रिंट काढून फाईलला लावा. मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला तर त्यांनी माझ्याकडनंच झेरॉक्स मागून घेतली, यावरनं काय ते समजा.

आणि आगीचं. २००४ मध्ये तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागून ९४ पोरं गेली. त्यानंतरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २००९ ला सांगितलं की शिक्षणाचा हक्क म्हणजे सुरक्षित शाळेत शिकायचा हक्क. आपल्या राज्यात आग प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, त्याप्रमाणं बिल्डिंगमधली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडनं द्यावा लागतो.

३. ऍडमिशनच्या वेळीच हे विचारून घ्या

काही घडायच्या आधी विचारलं की शाळा पण बिचकत नाही, सहज सांगून टाकतात. घडल्यावर विचारलं की सगळे कागद "संस्थेच्या ऑफिसला" असतात.

- शेवटचा फॉर्म बी कुठल्या महिन्याचा आहे
- बिल्डिंग जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं (पेठांमधल्या जुन्या वाड्यातल्या शाळा असतील तर हे विचाराच, पावसाळ्याच्या आधी)
- शिपाई, मावशी, ड्रायव्हर, बाहेरनं येणारे कोच यांची पोलीस पडताळणी झालीय का. कायम शिक्षकांची झालेली असते, राहतात ते कंत्राटी लोक आणि कराटे-डान्सचे क्लासवाले. २०२० च्या पोक्सो नियमात पण ही पडताळणी सांगितलीय, आणि मुलांच्या रोजच्या संपर्कात येणारे सगळे त्यात येतात, नुसते शिक्षक नाही
- कॅमेरे कुठं आहेत आणि फुटेज किती दिवस राहतं
- सखी सावित्री समितीत कोण आहे, नावाचा बोर्ड लावलाय का
- तक्रारपेटीची किल्ली कुणाकडं असते. हसू नका, हा प्रश्न विचारा
- परिवहन समितीत पालकांतनं कोण आहे

सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यात ७५ टक्के पालक असायला लागतात. खाजगीत पालक-शिक्षक संघ असतो, २०११ च्या फी नियमन कायद्यानं तो बंधनकारक आहे. या मिटिंगांना जावा. कंटाळवाण्या असतात, चहा पण थंड असतो, पण इतिवृत्तात तुमचा प्रश्न लिहून आला की तो पुढं पुरावा होतो.

आता एक ट्रॅप. ऍडमिशन फॉर्मच्या मागं बारीक अक्षरात किंवा सहलीच्या संमतीपत्रावर लिहिलेलं असतं की "काही दुर्घटना झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही" आणि आपण सही करतो. सही केलीय म्हणून घाबरू नका. कायद्यानं अंगावर टाकलेली जबाबदारी अशा ओळीनं पुसली जात नाही, गुन्ह्याची तर अजिबात नाही. त्या सहीचा अर्थ एवढाच की तुम्ही पोराला सहलीला पाठवायला तयार आहात.

४. घडलं, आता पहिल्या दिवशी काय

पहिलं काम डॉक्टर. शाळेशी भांडण नंतर. जखम असेल तर सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, जावा आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा की शाळेत मारलंय किंवा शाळेत पडलाय, म्हणजे एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) म्हणून नोंद होईल. लोक काय करतात, लाजेनं "खेळताना लागलं" सांगतात, आणि ते केसपेपरवर लिहिलं जातं. नंतर शाळेचा वकील तोच केसपेपर पुढं करतो. खाजगी डॉक्टरकडं गेलात तरी कारण लिहून घ्या.

मग फोटो, तारीख वेळेसकट. फाटलेला शर्ट धुवू नका.

पोराशी बोला पण चौकशी करू नका. एकदा शांतपणे काय झालं ते ऐका आणि त्याच्याच शब्दात वहीत लिहून ठेवा, तारीख टाका. आजी, आत्या, शेजारच्या काकू, प्रत्येकापुढं त्याला तेच परत परत सांगायला लावलं की पोरगं गोंधळतं, शब्द बदलतात, आणि मग शाळा म्हणते बघा दरवेळी वेगळं सांगतोय.

सगळ्यात घाईचं काम फुटेजचं. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठराविक दिवसांनी आपोआप पुसून त्याच्यावर नवीन बसतं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला लेखी द्या की अमुक तारखेचं, अमुक वेळेचं, अमुक जागेचं फुटेज जपून ठेवा. फुटेज तुम्हाला द्या असं म्हणायचं नाही, त्यात दुसऱ्यांची पोरं असतात म्हणून ते नाही म्हणणार आणि ते बरोबरही आहे. जपून ठेवा म्हणायचं, आणि तपास अधिकारी मागतील तेव्हा त्यांना द्या. अशा पत्राची पोच तुमच्या हातात असताना फुटेज "गेलं" तर उत्तर शाळेला द्यावं लागतं, तुम्हाला नाही.

आणि व्हॉट्सऍप ग्रुपवर टाकू नका. राग असतो मान्य आहे. पण पोराचं नाव, फोटो एकदा फिरला की परत घेता येत नाही, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणं गुन्ह्यातल्या पीडित मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. शिवाय शिक्षकाचं नाव घालून काहीतरी लिहिलं की उलट तुमच्यावरच अब्रुनुकसानीची नोटीस येते, मग मूळ विषय राहतो बाजूला.

५. शाळेला अर्ज

तोंडी सांगितलेलं, फोनवर सांगितलेलं, गेटवर भेटून सांगितलेलं, काहीही धरलं जात नाही. अर्ज साधा ठेवा. कोऱ्या कागदावर चालतो, स्टॅम्प वगैरे लागत नाही. मी साधारण असा लिहिला होता:

प्रति, मा. मुख्याध्यापक, (शाळा, युडायस नंबर)
विषय: दि. ... रोजी इयत्ता ... तुकडी ... मधील माझ्या मुलास झालेल्या मारहाणीबाबत
महोदय, वरील तारखेस सुमारे ... वाजता, ... या ठिकाणी, ... यांनी माझ्या मुलास ... असे केले. त्यामुळे त्यास ... इजा झाली. वैद्यकीय कागद सोबत जोडला आहे. ही बाब शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ चा भंग आहे. तरी
(अ) त्या वेळचे सीसीटीव्ही फुटेज जतन करावे,
(ब) चौकशी करून काय कार्यवाही केली ते ७ दिवसांत लेखी कळवावे,
(क) चौकशी पूर्ण होईपर्यंत संबंधितांचा माझ्या मुलाच्या वर्गाशी संबंध ठेवू नये.
आपला, (नाव, सही, फोन, तारीख)

बास. "राक्षसी वृत्तीचे शिक्षक" वगैरे लिहू नका. काय झालं, कधी, कुठं, कोण, आणि तुम्हाला काय पाहिजे. ७ दिवस हे कायद्यातलं नाही, आपण मागायचं.

दोन प्रती काढा, एक द्या, दुसऱ्यावर शिक्का, सही, तारीख, इनवर्ड नंबर घ्या. क्लार्क म्हणतो सर नाहीत, ठेवून जावा, पोच उद्या देतो. ठेवू नका. पोच देत नसतील तर तिथंच वाद घालत बसू नका, त्याच दिवशी शाळेच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि स्पीड पोस्टानं पण टाका, पावती आणि ऑनलाईन ट्रॅकिंगचं पान जपून ठेवा. ती पोचच धरली जाते.

मग बोलावणं येतं. एकटं जाऊ नका, बायकोला किंवा नवऱ्याला, नाहीतर दुसऱ्या एखाद्या पालकाला घेऊन जावा. मिटिंगमध्ये काय ठरलं ते घरी येऊन लगेच ईमेल करा: "आज आपल्यासोबत झालेल्या चर्चेत खालील गोष्टी ठरल्या." त्यांनी उत्तर दिलं नाही तरी तुमच्याकडं कागद तयार झाला. माफीनामा वगैरे घेऊन तुमचं समाधान होत असेल तर घ्या, आम्ही तसंच केलं, सरांची वर्गबदली आणि लेखी खुलासा. पण "तक्रार मागे घेतो, यापुढे काही म्हणणे नाही" असल्या कागदावर मिटिंगमध्ये सही करू नका, घरी आणून वाचा.

६. शाळा दाद देईना तर

वर सांगितलेल्या शिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज, शाळेच्या अर्जाची पोच जोडून. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली तक्रार आहे असं विषयातच लिहा, कारण त्या कलमात तीन महिन्यात निकाल द्यायला सांगितलंय. तो नाही पटला किंवा आलाच नाही तर मुंबईत महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे, तिथं अपील करता येतं, पोस्टानं पाठवलं तरी चालतं.

मधल्या काळात ऑफिसात फाईल हलत नसेल तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसला लोकशाही दिन असतो. आधीचा अर्ज आणि पोच असेल तरच तिथं वजन पडतं, नुसतं गाऱ्हाणं घेऊन गेलात तर परत शिक्षणाधिकाऱ्यांकडंच पाठवतात.

माहिती अधिकार पण वापरा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसात उत्तर. इथं लोक फसतात ते म्हणजे विनाअनुदानित शाळेलाच अर्ज करतात आणि शाळा म्हणते आम्हाला हा कायदा लागू नाही. अर्ज शिक्षणाधिकारी कार्यालयाला करायचा. विचारायचं काय, तर या शाळेची शेवटची तपासणी कधी झाली, २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणं शाळेनं दिलेल्या अहवालाची प्रत, माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली त्याची टिपणी. "का केलं नाही" असं विचारू नका, माहिती अधिकारात का ला उत्तर नसतं, कागदाला असतं.

पोलिसात कधी? मार मोठा असेल, हाड मोडलं, रक्त आलं, पोरगं बेशुद्ध पडलं, तर शाळेच्या चौकशीची वाट बघू नका. दखलपात्र गुन्हा असेल तर कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंद करता येते, हद्द बघायला लागत नाही, झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते. घेतच नसतील तर तीच तक्रार लेखी करून एसपी ऑफिसला पोस्टानं पाठवा, बीएनएसएस (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७३(४) लिहा. त्याच्या पुढं मॅजिस्ट्रेट आहेत.

७. लैंगिक छळाची शंका असेल तर वरचं सगळं बाजूला

हे नीट वाचा. यात शाळेला आधी अर्ज, ७ दिवस वाट, मिटिंग, यातलं काहीही करायचं नाही. थेट पोलीस, नाहीतर १०९८ (मुलांची हेल्पलाईन), नाहीतर ११२ (तातडीचा नंबर).

पोक्सोच्या कलम १९ प्रमाणं असं काही घडल्याचं किंवा घडेल अशी भीती असल्याचं ज्याला कळेल त्यानं पोलिसांना कळवायचंच आहे. शिक्षकाला कळलं तर शिक्षकानं, मुख्याध्यापकाला कळलं तर त्यानं. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं लपवलं तर १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. "आम्ही आमची अंतर्गत चौकशी करतो, तोपर्यंत थांबा, शाळेची बदनामी नको" हे वाक्य जो मुख्याध्यापक बोलतो तो स्वतःच गुन्ह्यात अडकतोय, त्याला तसं सांगा. बदलापुरात २०२४ ला लोक रेल्वे रुळावर उतरले त्यामागं हाच राग होता, तक्रार घ्यायला केलेला उशीर.

पालकांना जी भीती असते ती पोराला पोलीस स्टेशनला न्यायची. कायद्यानं तसं न्यायची गरज नाही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या, आणि युनिफॉर्म न घालता. आईवडील किंवा विश्वासातलं माणूस सोबत. रात्री कुठल्याही मुलाला पोलीस स्टेशनला ठेवायचं नाही. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरच करणार. २४ तासात पोलिसांनी बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, आणि समिती केस चालू असेपर्यंत सोबतीला एक मदतनीस व्यक्ती देऊ शकते, ती मागून घ्या, आपल्याकडं हे मागतच नाही कोणी.

कपडे धुवू नका, पोराला आंघोळ घालायच्या आधी दवाखाना. ज्याच्यावर शंका आहे त्याला जाब विचारायला जाऊ नका, तो सावध होतो आणि फोनमधलं सगळं पुसतो.

मुलगा असेल तरी कायदा तोच आहे. पोरांच्या बाबतीत आपल्याकडं हसण्यावारी नेतात, नेऊ नका.

संस्थेतले मोठे लोक, भावकीतले, कुणीतरी मिटवामिटवीला घरी येतातच. पोक्सोची केस आपसात मिटवता येत नाही, कुणी पैशाचा विषय काढला तर चहा पाजून वाटेला लावा.

८. व्हॅन, रिक्षा आणि सहल

आपल्याकडं शाळा सुटायच्या टायमाला रस्त्यावर बघा, एका रिक्षात किती पोरं असतात, दप्तरं बाहेर लोंबकळतात. शाळा म्हणते वाहन तुम्ही लावलंय, आमचा संबंध नाही. बस शाळेची असेल किंवा शाळेनं ठेकेदार लावला असेल तर संबंध आहेच. पण तुम्ही स्वतः व्हॅन लावली तरी २०११ च्या महाराष्ट्राच्या स्कूल बस नियमात प्रत्येक शाळेला परिवहन समिती सांगितलीय, अध्यक्ष मुख्याध्यापक, त्यात पालक, वाहतूक पोलीस, आरटीओचे निरीक्षक असतात. मुलं कशातनं येतात ते बघणं हे या समितीचं कामच आहे. समितीची शेवटची बैठक कधी झाली ते लेखी विचारा, बऱ्याच ठिकाणी ती नुसती कागदावर असते.

व्हॅन लावताना नंबरप्लेट बघा. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्यानं पोरं नेत असेल तर तिला तो परवाना नाही, आणि अपघात झाला की विमा कंपनी हात वर करायला बघते. परमिट, फिटनेस, विमा, ड्रायव्हरचं लायसन्स, सगळ्याचे फोटो घेऊन ठेवा. मुली असतील तर बसमध्ये बाई मदतनीस पाहिजे. ड्रायव्हर बदलला तर कळवायला सांगा, सुट्टीवर गेला की मेहुण्याला पाठवतात.

सहलीचं म्हणाल तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, शाळेला तिची प्रत मागा. कोल्हापूरची सहल म्हटली की कोकण आणि समुद्र आलाच. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडाली, त्यानंतर पाण्याच्या ठिकाणच्या सहलींवर सरकारनं कडक सूचना काढल्या. सोबत किती शिक्षक, त्यात बाई किती, प्रथमोपचार पेटी कुणाकडं, हे विचारायला लाजू नका. आणि सहलीत पोरगं आजारी पडलं आणि शिक्षकांनी अंगावर काढलं तर ती पण शाळेचीच जबाबदारी. बेंगळुरूच्या एका शाळेची २००६ ची सहल होती, नववीतल्या मुलीला ताप आला, वेळेत उपचार झाले नाहीत, ती अंथरुणाला खिळली, आणि शेवटी सुप्रीम कोर्टानं २०२१ ला शाळेला ८८ लाखांवर भरपाई कायम केली. ती केस ग्राहक आयोगातनं वर गेली होती. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जायला लागतं, आणि शिक्षण ही सेवा आहे का यावर वाद चालतो, म्हणून तिथं वकिलाला विचारूनच जावा.

पावसाळ्यात पंचगंगा वाढली की कलेक्टर सुट्टी जाहीर करतात. ती जाहीर झालेली असताना शाळा "प्रॅक्टिकल आहे, या" म्हणत असेल तर पाठवू नका आणि तो मेसेज जपून ठेवा.

९. फाईल आणि पैसे

एक साधी फाईल करा: अर्जांच्या पोची, केसपेपर, बिलं, फोटो, मेसेजचे स्क्रीनशॉट प्रिंट काढून, पोराचं ओळखपत्र, फी पावती, जन्मदाखला, ऍडमिशन फॉर्मची प्रत. मूळ कागद कुणालाही देऊ नका, साहेब मागितले तरी झेरॉक्स द्या आणि मूळ नुसतं दाखवा.

अपघात झाला असेल तर राज्याची विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे, राजीव गांधींच्या नावानं ओळखतात, पहिली ते बारावीच्या मुलांना. अर्ज शाळेमार्फत जातो आणि शाळाच विसरते, किंवा अपघात झाला हे लिहून द्यायला नको म्हणून गप्प बसते. तुम्ही आठवण करा.

फुकट वकील: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, कसबा बावड्याच्या कोर्टात. महिला आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यामुळं अर्ज आईच्या किंवा मुलाच्या नावानं करा. हेल्पलाईन १५१००. आणि अगदी हायकोर्टापर्यंत जायची वेळ आली तर आता मुंबईचं तिकीट काढायला नको, ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच इथंच चालू झालंय, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत.

१०. शाळा बदलायची ठरली तर

तक्रार केल्यावर पोराला त्रास देतील ही भीती सगळ्यांना असते, खोटं कशाला सांगू, थोडंफार होतं. वर्गात बोलणं बंद, स्नेहसंमेलनातनं नाव वगळणं, असलं. तारखेसकट वहीत लिहा, परत कलम १७ खाली अर्ज द्या, दुसऱ्या अर्जाला शिक्षणाधिकारी जास्त मनावर घेतात.

तरी नकोच वाटलं तर दाखला काढा. दाखला अडवून ठेवणं हा शाळांचा जुना धंदा आहे, आधी तक्रार मागे घ्या मग देतो म्हणतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणं मुख्याध्यापकानं दाखला लगेच द्यायचा असतो, आणि तो मिळाला नाही म्हणून नवीन सरकारी किंवा अनुदानित शाळा आठवीपर्यंतच्या मुलाला ऍडमिशन नाकारू किंवा लांबवू शकत नाही. नवीन शाळेत हे कलम लिहून अर्ज द्या, पोराला वर्गात बसवा, दाखला मागनं येतो.

नवीन शाळेत गेल्यावर मात्र तिसऱ्या मुद्द्यातली यादी घेऊनच ऑफिसात बसा.